गणपतीला गावी ३२ जण जमणार, त्याआधी लसींचं काय काय उरकून घ्यावं?

ओटीवरची | २० जुलै २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझं सासर राजापूर तालुक्यात. गणपती गौरींबरोबर विसर्जन होतो. मुंबई, पुणे, बदलापूर आणि एक पुतणी बेंगलोरहून असे सगळे आम्ही दरवर्षी गावी उतरतो, यंदा मोजले तर ३२ झाले. चार खोल्या, माजघर, ओटी आणि पडवी. रात्री गाद्या पडल्या की पाय ठेवायला जागा नसते, आणि वर्षभर आम्हाला आठवत असतं ते हेच.

गेल्या वर्षी निघताना एका पुतण्याला थोडी कणकण होती. आईने तापाची गोळी दिली, ताप उतरला, रात्रीच्या गाडीने सगळे आले. कोणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. तिसऱ्या दिवशी चौघं तापाने झोपले, गौरी आल्या त्या दिवशी सासऱ्यांना खोकला लागला. सासरे ७६, जुना दमा, शुगर. विसर्जनाच्या रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठले तर ते पडवीत खांबाला धरून बसलेले, बोलता येत नव्हतं, हाताने नुसतं छातीकडे दाखवत होते. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात होता तो बोटाला लावला, ऑक्सिजन फक्त ८४. शेजाऱ्यांची ईको काढली आणि भर पावसात रत्नागिरीला नेलं, गाडीत मी त्यांचा हात धरून बसले होते आणि नखं निळसर झालेली मोबाईलच्या उजेडात दिसत होती. सहा दिवस ऑक्सिजनवर होते. स्वॅबमध्ये एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लू आला.

वाचले. पण तेव्हापासून अंगणातून विहिरीपर्यंत गेले तरी वाटेत एकदा थांबतात. आमच्याकडे पन्नासेक वर्षं आरती तेच सुरू करून देतात, आता बसून म्हणतात. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, यांना फ्लूची लस दिली होती का? आम्ही सगळे शिकलेसवरलेले, एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दर तीन महिन्यांनी त्यांना शुगर तपासायला नेतो पण लस हा विषयच कधी डोक्यात आला नव्हता.

यंदा आणखी एक काळजी आहे. नणंदेची मुलगी २ जूनला जन्मली, ती पहिल्यांदाच आजोळी येणार. सगळे तिला घेणार, पापे घेणार. गणपती २७ ऑगस्टला आहे. कोणी कोणती लस घ्यावी, कधीपर्यंत घ्यावी, आणि मोठ्यांना कसं सांगावं? थोरले दीर म्हणाले, "एवढी वर्षं गणपती करतोय, कोणाला काय झालंय?" ज्यांच्या वडिलांना आपण रात्री दोनला गाडीत घालून नेलं तेच असं म्हणतात तेव्हा काय बोलावं खरंच सुचत नाही.

---

स्टेथो_पुणे | २१ जुलै, सकाळी ७.१५

लहान मुलांचा डॉक्टर आहे. बरं झालं आत्ता विचारलंत, माझ्याकडे लोक चतुर्थीच्या दोन दिवस आधी येतात आणि तेव्हा फार काही हातात राहिलेलं नसतं.

फ्लूची लस घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या हिशोबाने मोठ्यांनी उशिरात उशिरा १३ ऑगस्टपर्यंत घ्यायला हवी. पण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातच जोरात असतो, जुलै ते सप्टेंबर, आणि मग एक छोटी लाट जानेवारी ते मार्चच्या सुमाराला. म्हणजे खरं तर मे-जूनमध्ये घेतलेली उत्तम. आता तारखा मोजत बसू नका, याच आठवड्यात घ्या.

९ वर्षांखालची जी मुलं पहिल्यांदाच घेतायत त्यांना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. उद्या २२ जुलैला पहिला दिला तर दुसरा १९ ऑगस्टला. चतुर्थीच्या आठ दिवस आधी. म्हणजे मुलांच्या बाबतीत तर एक दिवसही घालवू नका.

लस दरवर्षी घ्यावी लागते कारण फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा कोणते प्रकार लसीत घालायचे ते सांगते. पूर्वी चार प्रकारांची असायची, आता परत तीन प्रकारांची आली, कारण बी-यामागाता नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेलाच नाही. त्यामुळे मेडिकलवाल्याने तीनची दिली तर जुनी खपवली असं समजू नका.

आता स्पष्टच सांगतो, ही लस कवचकुंडलं नाही. चांगल्या वर्षी डॉक्टरकडे जायला लावणारा फ्लू ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. पण झालाच तर ऑक्सिजनपर्यंत जाण्याची शक्यता घटते, आणि तुमच्या सासऱ्यांसाठी महत्त्वाचं तेच आहे.

बाळाचं: सहा महिन्यांखाली फ्लूची लस देता येत नाही. म्हणून तिच्या आजूबाजूच्यांनी घ्यायची. आईने तर घ्यायचीच, अंगावर पाजत असली तरी चालते. पण मला तिच्यासाठी फ्लूइतकीच भीती डांग्या खोकल्याची वाटते. मोठ्या माणसाला तो नुसता तीन-चार आठवडे न जाणारा खोकला वाटतो, "धुळीने झालाय" म्हणून चालून जातं. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मात्र खोकताही येत नाही नीट, ते मध्येच श्वास थांबवतं आणि निळं पडतं. त्यावर मोठ्यांसाठी टीडॅप नावाची लस खाजगीत मिळते. आजी-आजोबा, आई-बाबा आणि जे बाळाला सारखं घेणार त्यांनी ती घ्यावी. खरं तर ती गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांत आईने घेतली की बाळ जन्मालाच थोडी प्रतिकारशक्ती घेऊन येतं. नणंदेला विचारा घेतली होती का.

---

खारेदाणे | २१ जुलै, दुपारी १.०५

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितोय, वाद घालायचा नाहीये. दोन वर्षांपूर्वी कंपनीत कॅम्प होता, फ्लूची लस घेतली, त्याच रात्री अंग दुखून ताप आला. वर डिसेंबरमध्ये दणकून सर्दी झालीच. मग उपयोग काय? आणि कोविडच्या लसीनंतर तरुण मुलं चालता चालता पडायला लागली हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, माझ्या बिल्डिंगमधला ३८ वर्षांचा शेजारी असाच गेला. पुण्यात जानेवारीत ते जीबीएस झालं, हातपाय लुळे पडतात तो आजार, तेसुद्धा लसीने होतं म्हणतात. घरात दोन लहान मुली आहेत, मला भीती वाटते. भीती वाटते हे लिहायला मला लाज वाटत नाही.

---

स्टेथो_पुणे | २१ जुलै, रात्री ९.५०

@खारेदाणे, लाज वाटायचं कारणच नाही. शेजाऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. एकेक घेतो.

त्या रात्रीचा ताप हा फ्लू नव्हता. टोचायच्या लसीत विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखणं, एखाद-दोन दिवस कणकण हे शरीर कामाला लागल्याचं लक्षण. डिसेंबरची सर्दी बहुतेक दुसऱ्याच कुठल्या विषाणूची असणार, सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत आणि ही लस फक्त फ्लूवर आहे.

अचानक मृत्यूंवर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने देशभरातल्या हॉस्पिटलांमधून १८ ते ४५ वयाच्या लोकांचा अभ्यास केला होता, तो २०२३ मध्ये छापून आला. लस घेतल्याने धोका वाढलेला दिसला नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत कमी दिसला. घरात कोणी असं अचानक गेलेलं असणं, कोविडसाठी ॲडमिट झालेलं असणं, दारू, अंगमेहनतीचा अतिरेक यांचा संबंध दिसला. या महिन्याच्या सुरुवातीला आरोग्य मंत्रालयाने परत तेच सांगितलं.

जीबीएस: पुण्यातला उद्रेक सिंहगड रस्त्याच्या भागात झाला आणि त्याचा संबंध दूषित पाण्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूशी लागला, लसीशी नाही. फ्लूच्या लसीनंतर जीबीएस होऊ शकतो का, तर हो, दहा लाखांत एखाद-दुसरा. खुद्द फ्लू झाल्यावरही जीबीएस होतो आणि त्याचं प्रमाण याहून जास्त आहे. मात्र ज्यांना आधी लसीनंतर सहा आठवड्यांत तो झालाय त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. मागच्या डोसला जोराची ॲलर्जी आली असेल त्यांनीही.

---

सुईबाई | २२ जुलै, सकाळी ६.३०

ओटीवरची ताई, मी तुमच्याच जिल्ह्यात एका उपकेंद्रात नर्स आहे, २१ वर्षं झाली. चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस आमच्याकडे कसे जातात ते आम्हालाच माहीत, चाकरमानी येतात आणि मग पोरांचे राहिलेले डोस विचारत फिरतात.

पहिलं बाळाचं सांगते. २ जूनचा जन्म म्हणजे दीड महिन्याचा डोस १४ जुलैला झाला असेल. झालाय ना? पुढचा १० आठवड्यांचा ११ ऑगस्टला येतो, तो तिथेच घेऊन मग निघा. "गावावरून आल्यावर बघू" म्हणू नका, कारण या डोसात जी पेंटा म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस देतो तिच्यातच डांग्या खोकल्याची लस असते आणि गर्दीत येताना तिच्या अंगात दोन डोस असलेले कधीही बरे. साडेतीन महिन्यांचा ८ सप्टेंबरला. माता-बाल कार्ड बरोबर आणा, कार्ड असलं की कुठल्याही सरकारी केंद्रावर डोस मिळतो, हे गाव ते गाव असं काही नसतं, यूविनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर, नोंद असली की आम्हालाही दिसतं.

बाकी पोरांचा गोवर-रुबेला बघा. पहिला ९ महिने झाल्यावर, दुसरा दीड वर्षाच्या आसपास. दुसरा हमखास राहिलेला असतो, पोर चालायला लागलं की आयांना वाटतं झालं सगळं. गोवर हवेतून पसरतो, गोवरवालं पोर खोलीतून उठून गेलं तरी दोन तासांपर्यंत त्या हवेत तो राहू शकतो. आणि अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते पोर दुसऱ्यांना देत असतं. माजघरात वीस पोरं झोपवायची तर हे आधी बघायला नको का.

दुसरं, लस मुंबईहून विकत घेऊन पर्समध्ये टाकून गावी आणू नका. दरवर्षी कोणीतरी आणतंच. लस २ ते ८ डिग्रीत राहायला लागते, गोठलीही नाही पाहिजे. मागे एक जण फ्लूची लस पाण्याच्या बाटलीबरोबर बर्फात घालून घेऊन आले, हातात घेतली तर सिरींजमध्ये खडा झालेला. १८०० रुपये दिले होते त्यांनी. फेकायला सांगितली तेव्हा फार वाईट वाटलं त्यांना, मलाही. आमच्याकडच्या बाटल्यांवर गोलात एक चौकोन असतो, उष्णता लागली की तो चौकोन काळपट होत जातो, गोलाएवढा काळा झाला की आम्ही ती लस वापरत नाही. तुम्हीसुद्धा बघायला मागा, कुठलीही नर्स दाखवेल. चतुर्थीत गावात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको, घरच्या फ्रीजवर भरवसा ठेवू नका. जिथे राहता तिथेच टोचून या.

सासऱ्यांसाठी फ्लूची लस गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. गरोदर बायका, शुगर-बीपीवाले अशांसाठी सरकारची मोफत येते, पण स्टॉक असेल तेव्हाच. आधी फोन करून मग त्यांना न्या, एवढ्या लांब धाप लागत नेऊन परत आणायला नको.

---

घाटाखालची | २२ जुलै, दुपारी ३.२०

धागा वाचून २००९ चा ऑगस्ट आठवला. मी तेव्हा पुण्यात सदाशिव पेठेत राहत होते. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा बंद, थिएटरं बंद. नायडू हॉस्पिटलसमोर स्वॅबसाठी रांगा. मेडिकलमध्ये मास्क संपले म्हणून आम्ही आईच्या जुन्या सुती साडीचे चौकोन कापून तोंडाला बांधले होते. गणपती २३ ऑगस्टला होते आणि मोदक करायचे की नाही इथपासून घरात चर्चा. काका आले नाहीत त्या वर्षी, पहिल्यांदाच.

सांगायचं हे की तेव्हा लस नव्हतीच हो. मनात असून घेता येत नव्हती. आपल्याच पुण्यातल्या सीरमने नाकात सोडायची लस आणली तीसुद्धा पुढच्या वर्षी, २०१० ला. आज तोच एच१एन१ नेहमीच्या फ्लूच्या लसीत असतो, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळतो, आणि आपण "बघू" म्हणतो. मला ते खरंच बघवत नाही.

---

रानजाई | २२ जुलै, रात्री ११.३०

कांजिण्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मला चौथा महिना होता, भाऊबीजेला माहेरी गेले. भाच्याला नुसता ताप होता, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता दुपारभर. दोन दिवसांनी वहिनीचा फोन, त्याच्या अंगावर पुटकुळ्या उठल्यात. मला लहानपणी कांजिण्या झाल्या नव्हत्या, लस घेतलेली नव्हती. पंधराव्या दिवशी मला आल्या. पाच दिवस ॲडमिट होते, न्यूमोनिया होईल का, बाळाला काही होईल का, दर सोनोग्राफीला मी डोळे मिटून पडायचे. बाळ सुखरूप आहे, आता दुसरीत आहे.

ही लस सरकारी यादीत नाही, मुलांच्या डॉक्टरांना वेगळी मागावी लागते, सव्वा वर्षाच्या आसपास पहिला डोस आणि मग दुसरा. गरोदरपणात देता येत नाही कारण ती जिवंत विषाणूची असते. त्यामुळे तुमच्या घरात कोणी नवीन लग्न झालेली असेल, बाळाचा विचार करत असेल, आणि कांजिण्या झालेल्या नसतील, तर तिला हे आत्ताच सांगा. लस घेतल्यावर एखादा महिना तरी थांबायला सांगतात. मला कोणी सांगितलं नव्हतं. वहिनीला मी कधी बोलले नाही, तिला तरी कुठे माहीत होतं.

---

माटोळी | २३ जुलै, सकाळी १०.००

गोव्याहून. आमच्याकडे चवथीला घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्या होतात, तास-सव्वातास, खोलीत ४०-५० माणसं आणि सगळी छातीतून आवाज काढणारी. वर माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट, बांधलेली, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावलेल्या. कोविडनंतर माझ्या वडिलांनी एकच बदल केला, घुमट घेऊन मंडळी बाहेर बलकांवात, म्हणजे व्हरांड्यात, बसतात, दरवाजा सताड उघडा. देवाला ऐकू जातंच की. लस सगळ्यांनी घेतलेली असली तरी हवा खेळती ठेवायला पैसे पडत नाहीत, म्हणून लिहिलं. वडील ८१ आहेत, ही त्यांचीच कल्पना.

---

टेम्सकाठी | २३ जुलै, रात्री ९.१५

आम्ही लंडनजवळ. इथे ६५ च्या वरच्यांना फ्लूची लस दर हिवाळ्याआधी मोफत मिळते, आणि सप्टेंबर २०२४ पासून आरएसव्ही म्हणून जो छातीचा विषाणू आहे त्याचीही सुरू झाली, ७५ ते ७९ वयाच्यांना आणि गरोदर बायकांना २८ आठवड्यांपासून. मराठी मंडळाच्या दिवाळीला हॉल गच्च भरतो आणि नेमका तोच इथल्या फ्लूचा सुरुवातीचा काळ. भारतातून आईवडील यायचे असतील तर निघायच्या दोन-तीन आठवडे आधी तिथेच फ्लूची लस देऊन आणा, विमानातले दहा-अकरा तास पकडून. माझ्या आईला मी ते करायला लावलं नव्हतं आणि तिच्या सहा आठवड्यांच्या व्हिजिटमधले तीन आठवडे अंथरुणात गेले. नातवाबरोबर बागेत जायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

---

ओटीवरची | २ ऑगस्ट, रात्री ११.१०

सगळ्यांचे किती आभार मानू. सुईबाई, बाळाचा दीड महिन्याचा डोस झालाय, ११ तारीख नणंदेने कॅलेंडरवर लाल पेनाने केलीय. तिने गरोदरपणात टीडॅप घेतली नव्हती, कोणी सांगितलंच नव्हतं, धनुर्वाताचीच घेतली होती. आता तिने, भाऊजींनी आणि आम्ही चौघींनी घेतली.

मोठ्यांना कसं सांगितलं ते सांगते. मी ग्रुपवर माहिती टाकली तर दोन अंगठे आले आणि खाली कोणीतरी सकाळचा गुलाब टाकला. मग मला वाटलं मी कशाला बोलतेय, ज्यांना सोसावं लागलं त्यांनाच बोलू दे. सासऱ्यांना फोन केला, म्हटलं तुम्ही सांगा. त्यांना मोबाईलवर लिहिता येत नाही, माझ्या चुलत जावेने त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. एवढंच बोलले, "बाळांनो, मला यंदा उभ्याने आरती करायचीय. ज्याला जमेल त्याने टोचून या. आणि ज्याला ताप असेल त्याने येऊ नका, मी रागावणार नाही, बाप्पापण रागावणार नाही." मध्ये मध्ये त्यांची धाप ऐकू येते त्यात. मी तो मेसेज पाच-सहा वेळा ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर दंडावर कापूस धरलेले फोटो यायला लागले. आजपर्यंत ३२ पैकी २३ जणांचं झालं. सासऱ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली, आशाताईंनी स्टॉक आल्याचा फोन केला होता. त्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा जुना गोल वण आहे, नर्सने त्याच्या खालीच टोचलं. म्हणाले, हा वण आहे म्हणून आमच्या घरात माझ्या पिढीला देवी झाल्या नाहीत, आमच्या आजोबांची तीन भावंडं देवीनेच गेली.

थोरल्या दिरांनी अजून घेतली नाहीये. मी आता त्यांना काही बोलणार नाही, त्यांचा मुलगा बोलतोय.

---

खारेदाणे | ३ ऑगस्ट, सकाळी ८.२०

तो आवाज मी न ऐकताच ऐकल्यासारखं झालं. काल मुलींना आणि आईला घेऊन गेलो होतो. माझी स्वतःची अजून नाही घेतली, मनाची तयारी करतोय. डॉक्टर, तुम्ही उत्तर देताना मला मूर्ख ठरवलं नाहीत त्याबद्दल आभार.

---

ओटीवरची | ५ सप्टेंबर, रात्री १०.००

परवाच परत आलो. कोणाकोणाला काय झालं विचारणारे मेसेज आलेत म्हणून सगळं लिहिते.

२४ तारखेला, निघायच्या आदल्या दिवशी, त्याच पुतण्याला परत ताप. वय ११. गेल्या वर्षीचं त्याच्या मनात इतकं बसलंय की त्याने स्वतः थर्मामीटर आणून आईला दाखवला, १०१. लस घेतली होती तरी आला ताप, कशाचा ते कळलं नाही, तीन दिवसांत उतरला. तो आणि त्याचे बाबा थांबले डोंबिवलीला. व्हिडिओ कॉलवर आरती केली त्याने, इकडे मोबाईल समईशेजारी ठेवला होता. ताप जाऊन दोन दिवस बरा राहिल्यावर मग दोघं गौरी जेवायच्या दिवशी पोचले. त्याला बघून सासऱ्यांनी आधी पाठीवर थाप मारली.

थोरले दीर लस न घेताच आले. चौथ्या दिवशी त्यांना सणसणीत सर्दी-ताप. यावेळी मात्र कोणी काही म्हणायच्या आत त्यांनीच गादी उचलून पडवीच्या टोकाला नेली, मास्क लावला, ताट वेगळं घेतलं. राजापूरला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते ती फ्लूची गोळी लगेच दिली. बाळाजवळ ते गेलेच नाहीत, लांबून बघायचे. मला खूप वाईट वाटलं त्यांच्याकडे बघून, भाचीला मांडीवर घ्यायची हौस त्यांनाच सगळ्यात जास्त होती.

बाळाला आम्ही नियम केला होता, हात धुवून घ्यायचं आणि पापा पायाचा. सगळ्या म्हाताऱ्यांनी पाळला. गावातल्या एक आजी आल्या त्या तर म्हणाल्या, पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत पाय धुतल्याशिवाय कोणी जात नव्हतं, तुम्ही नवीन काय सांगताय.

सासऱ्यांना काही झालं नाही. पहिल्या दिवशी सुखकर्ता उभ्याने म्हटली, मग बसले. विसर्जनाच्या दिवशी पाणवठ्यापर्यंत आले, वाटेत तीनदा थांबून.

---

स्टेथो_पुणे | ६ सप्टेंबर, सकाळी ७.४०

वाचून फार आनंद झाला. एक गोष्ट मात्र मला लिहायलाच हवी, एका घराच्या अनुभवावरून लसीनेच सासरे वाचले असं मी म्हणणार नाही. लस होती, मुलगा थांबला, दीर वेगळे झोपले, गोळी वेळेवर मिळाली, या सगळ्यांनी मिळून ते झालं. पुढच्या वर्षी यातलं काहीही गाळू नका. दिरांना बरं वाटलं की लस द्या, फ्लू होऊन गेला तरी दुसऱ्या प्रकाराचा होऊ शकतो आणि जानेवारीची लाट यायचीय.

---

पडघवली_नको | ६ सप्टेंबर, दुपारी १२.३०

धागा उशिरा वाचला. आई ६९, शुगर आहे, दिवाळीला सगळे आमच्याकडे नाशिकला जमणार. फ्लूबरोबर न्यूमोनियाची लसही द्यायची म्हणतात, दोन्ही एकाच दिवशी चालतात का? परत परत रिक्षाने न्यायला तिचे गुडघे ऐकत नाहीत.

---

सुईबाई | ६ सप्टेंबर, रात्री ८.५५

चालतात, एक उजव्या दंडात एक डाव्यात. न्यूमोनियाची दरवर्षी लागत नाही. तिच्यात दोन प्रकार आहेत, कोणता आधी आणि दुसरा कधी ते डॉक्टर आईंचा कागद बघून सांगतील. दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास आहे म्हणजे सप्टेंबरअखेर उरकून टाका. सकाळी पोटभर नाश्ता देऊन न्या, सैल बाह्यांचा ब्लाऊज घालायला सांगा, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवा.